पीडीएच का? गवतातली बुरशी आणि तिच्या ताटाचा इतिहास

एंडोफाइट बुरशीवरचा कुठलाही एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचा प्रबंध उघडा आणि ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणावर या. दोन-तीन परिच्छेदांनंतर एक वाक्य हमखास सापडतं : पानांचे तुकडे वरून निर्जंतुक करून पीडीए माध्यमावर ठेवले. पीडीए म्हणजे पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार. बटाटा, साखर आणि अगार. हेच का, ते कुणी लिहीत नाही. मग आरएसीच्या बैठकीत बाहेरून आलेले तज्ज्ञ विचारतात, ‘पीडीएच का?’ विद्यार्थी गाईडकडे बघतो आणि गाईड पंख्याकडे.

तुमच्यापैकी जे पेट देऊन कोर्सवर्कच्या वाटेवर आहेत, किंवा सिनॉप्सिस लिहायला घेतलाय, त्यांच्यासाठी आजचा विषय. गवताच्या आत राहणारी बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची तर तिला खायला काय द्यायचं, आणि आज आपण जे देतो ते आलं कुठून?

आधी शब्दाचं बघू. निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या पेशीजालात, बाहेर रोगाचं काहीही लक्षण न दाखवता राहणारा सूक्ष्मजीव म्हणजे एंडोफाइट. हा शब्द अंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली रूढ केला, तेव्हा त्याचा अर्थ ‘झाडाच्या आत असणारं काहीही’ इतका सैल होता. ‘लक्षण न दाखवता’ ही अट नंतर आली. मी राहते त्या पिपरी मेघेत वस्ती संपली की कापसाची, सोयाबीनची, तुरीची वावरं लागतात. त्यांच्या धुऱ्यांवर हरळी, मारवेल, कुसळी आणि कुंदा. कुंद्याला शेतकरी शिव्या देतो, कारण काळ्या जमिनीत तो एकदा शिरला की निघता निघत नाही. आमच्यासाठी मात्र त्याची निरोगी हिरवी पात म्हणजे नमुना. त्या पातीच्या आत कोण राहतं हे शोधायला आपण ती कापतो आणि बटाट्याच्या काढ्यावर ठेवतो. गवत आणि बटाटा यांचा संबंध काय?

संबंध इतिहासाचा आहे, जीवशास्त्राचा फारसा नाही.

१८७० च्या दशकात योसेफ श्रोटर बटाट्याच्या कापांवर रंगीत जिवाणूंच्या वसाहती वाढवत होता. त्याच सुमारास ऑस्कर ब्रेफेल्ड बुरशीचा एकच बीजाणू वेगळा काढून त्यापासून शुद्ध वाढ मिळवण्याचा आग्रह धरत होता. रॉबर्ट कॉखने बटाटा वापरला, मग १८८१ मध्ये जिलेटिन घालून घट्ट केलेलं माध्यम लोकांपुढे मांडलं. जिलेटिनच्या दोन अडचणी. एक, पुष्कळ सूक्ष्मजीव ते पचवून टाकतात. दोन, ते उन्हाळ्यात वितळतं. बर्लिनच्या उन्हाळ्यात ते टिकत नव्हतं, वर्ध्याच्या मे महिन्यात तर त्याचं सार झालं असतं. यावर उपाय स्वयंपाकघरातून आला. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसेची पत्नी फॅनी घरी जेली करताना समुद्री शेवाळातून मिळणारं अगार वापरायची. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. अगार सुमारे ८५ अंशांना वितळतं, पण एकदा वितळल्यावर चाळीसच्या खाली आल्याशिवाय घट्ट होत नाही, आणि बहुतेक सूक्ष्मजीवांना ते पचत नाही. कॉखने १८८२ च्या क्षयरोगावरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचं नाव घेतलं नाही. १८८७ मध्ये पेट्रीने झाकणाची उथळ बशी दिली आणि आपलं आजचं टेबल जवळजवळ सजलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचं घ्या. ते जिवाणूचं आहे, बुरशीचं नाही, पण माध्यमात काय घालायचं हे फक्त सूक्ष्मजीव ठरवत नाही हे त्यात लख्ख दिसतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करायला बसला. त्याने मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत्या झुंबरासारखे वाढत, मग बाटली हलवून ते खाली पाडायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे. रस्सा बोकडाच्या मांसाचा केला होता, कारण गाय किंवा डुकराच्या मांसावर वाढलेली लस इथे कुणी टोचून घेतली नसती. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. तूप आणि बोकडाचं मांस हे त्या माध्यमाचे घटक इथल्या बाजाराने आणि इथल्या माणसांनी ठरवले. पीडीएमधला बटाटाही असाच कुणाच्या तरी बाजारातला आहे.

आता तुमच्या कपाटातली पीडीएची बाटली घ्या आणि लेबल वाचा. एक लिटरला ३९ ग्रॅम पावडर. त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार आणि ४ ग्रॅम बटाट्याचा अर्क, जो २०० ग्रॅम बटाट्यांच्या काढ्याच्या बरोबरीचा धरतात. त्या चार ग्रॅमांत नेमकं काय आहे? स्टार्च आहे, थोडी अमिनो आम्लं आहेत, जीवनसत्त्वं आहेत, पोटॅशियम आहे. किती, ते बटाट्यावर अवलंबून. घरी उकळून केलेल्या काढ्यात तर ते बाजारातून आलेल्या पोत्यागणिक बदलतं. म्हणून पीडीएला ‘अनिश्चित’ माध्यम म्हणतात. त्यावर बुरशी छान वाढली तर ती कशामुळे वाढली हे सांगता येत नाही. वेगळी काढण्यासाठी, ओळखण्यासाठी, जपून ठेवण्यासाठी ते उत्तम आहे, यात वाद नाही. पिकांवर रोग पाडणाऱ्या बुरश्यांच्या अभ्यासकांनी ते पिढ्यान्पिढ्या वापरलं, कारण त्यांना भराभर वाढणारी, बीजाणू देणारी वसाहत हवी होती. ती सवय आपल्याकडे वारशाने आली.

दुसरा वारसा याच्या अगदी उलट वृत्तीचा आहे. पाश्चरचा विद्यार्थी ज्यूल रोलँ याने १८६९ च्या सुमारास ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी नुसत्या पाण्यात, साखरेत आणि मोजलेल्या क्षारांत वाढवून दाखवली. त्याची यादी वाचताना मला नेहमी गंमत वाटते : दीड लिटर पाण्यात ७० ग्रॅम खडीसाखर, ४ ग्रॅम टार्टरिक आम्ल, ४ ग्रॅम अमोनियम नायट्रेट, आणि अगदी शेवटी ०.०७ ग्रॅम झिंक सल्फेट. एवढंसं जस्त काढून टाकलं की पीक कोसळतं, हे त्याने दाखवलं. शिवाय हीच बुरशी चांदीच्या भांड्यात वाढत नाही हेही त्याच्या लक्षात आलं. सिल्व्हर नायट्रेटचा सोळा लाखांत एक भाग तिला रोखायला पुरतो. भांडं, पाणी, रसायनाचा दर्जा हे सगळं माध्यमाचाच भाग असतं, हा धडा इथला. नळाच्या पाण्यात केलेल्या माध्यमाला ‘जस्तविरहित’ म्हणता येत नाही.

रोलँच्या वाटेवर पुढे प्रागच्या फ्रीडरिश चापेकने १९०२-०३ मध्ये आणि आर्थर डॉक्सने १९१० मध्ये जे केलं, तेच आपण आज ‘चापेक-डॉक्स’ म्हणून वापरतो. लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज, ३ ग्रॅम सोडियम नायट्रेट, १ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, अर्धा-अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम क्लोराइड, चिमटीभर लोह. सगळं माहीत, सगळं मोजलेलं. पण जरा थांबून बघा. नायट्रोजनचा एकमेव स्रोत नायट्रेट आहे. नायट्रेटचं अमोनियात रूपांतर करायची यंत्रणा ज्या बुरशीकडे नाही, ती यावर उपाशी राहणार. जीवनसत्त्व एकही नाही. १९३४ मध्ये शॉप्फरने फायकोमायसिस या बुरशीला वाढीसाठी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व बाहेरून लागतं हे दाखवलं, आणि मग अशा परावलंबी बुरश्यांची रांगच लागली. म्हणजे चापेक-डॉक्सवर काही उगवलं नाही तर ‘गवतात बुरशी नव्हती’ असा अर्थ निघत नाही. ‘नायट्रेटवर, जीवनसत्त्वाशिवाय जगणारी बुरशी मिळाली नाही’ एवढाच निघतो.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो भाग. भारतातल्या बुरशीशास्त्राचे जुने निबंध चाळलेत तर एक नाव सतत भेटेल : ‘आस्थाना आणि हॉकर यांचं माध्यम अ’. अलाहाबादला आर. एन. टंडन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरश्यांच्या पोषणावर अनेक वर्षं काम केलं, त्यात हे माध्यम पायाभूत होतं. यातले आर. पी. आस्थाना पुढे नागपूरला मध्य प्रांताच्या कृषी खात्यात कवकतज्ज्ञ होते आणि त्यांनी पानवेलीच्या रोगांवर काम केलं. वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर किलोमीटर. तरी आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव हे नाव परदेशी जोडगोळीचं समजतात. (उरलेला एक बहुधा गप्प बसतो.)

१९३६ मध्ये आस्थाना आणि लिलियन हॉकर यांनी ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’त एक निबंध छापला. विषय होता मेलानोस्पोरा डेस्ट्रुएन्स नावाची बुरशी आणि तिच्या बीजाणू-निर्मितीवर शेजारी वाढणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांचा होणारा परिणाम. नुसती वाढ आणि फळ धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या प्रश्नापाशी ते उभे होते. पुढे हॉकर यांनी या बुरशीला बाहेरून मिळणाऱ्या वाढ-घटकांची, जीवनसत्त्वांची गरज किती, यावर बरंच काम केलं, आणि ‘फिजिऑलॉजी ऑफ फंजाय’ हे त्यांचं १९५० चं पुस्तक आजही ग्रंथालयात सापडलं तर सोडू नका.

माध्यम ‘अ’ ची घडण अशी : एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, १.७५ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ०.७५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. घट्ट हवं तर वरून अगार. चापेक-डॉक्समध्ये ३० ग्रॅम साखर, पीडीएमध्ये २०, इथे ५. बुरशीला भरपूर साखर दिली की ती धागे वाढवत बसते. ताट बेताचं असलं की बीजाणू धरायला लागते, असं पुष्कळ बुरश्यांत दिसतं. पक्वान्नाच्या पंगतीत कुणाला काम सुचतं?

हे माध्यम पोषणाच्या प्रयोगांना सोयीचं का पडलं, ते आकडेमोड केल्यावर कळतं. ती एकदा हाताने करा. ग्लुकोजमध्ये वजनाच्या ४० टक्के कार्बन असतो, म्हणजे ५ ग्रॅममध्ये २ ग्रॅम. तुम्हाला ग्लुकोजऐवजी सुक्रोज द्यायचं असेल तर ५ ग्रॅम सुक्रोज घालून चालणार नाही, कारण सुक्रोजमध्ये कार्बन ४२ टक्के आहे. २ ग्रॅम कार्बनसाठी सुमारे ४.७५ ग्रॅम लागेल. तसंच ३.५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे ०.४८५ ग्रॅम नायट्रोजन. त्याऐवजी निर्जल ॲस्पॅराजिन द्यायचं तर २.२९ ग्रॅम पुरे. पण ॲस्पॅराजिन स्वतःबरोबर आणखी ०.८३ ग्रॅम कार्बन घेऊन येतं, आणि नायट्रेटबरोबर येणारं पोटॅशियम गेलं ते वेगळंच. ते भरून काढायला सुमारे २.६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालावं लागेल. हा हिशेब न करता ‘प्रत्येक साखर ५ ग्रॅम, प्रत्येक नायट्रोजन स्रोत ३.५ ग्रॅम’ अशी सरसकट तक्ते भरून काढलेली तुलना मी छापील निबंधांतही पाहिली आहे. त्या तक्त्यात कुठला स्रोत पहिला आला याला फारसा अर्थ नसतो.

आता गवताकडे. गवतातल्या बुरशीचा इतिहास एका विषारी तणापासून सुरू होतो. डार्नेल नावाचं हे तण गव्हात वाढतं, दिसतं गव्हासारखंच, आणि त्याचं बी धान्यात मिसळलं तर माणसं आणि जनावरं गुंगतात हे युरोपात प्राचीन काळापासून ठाऊक होतं. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या फोगलने या बियांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सालीच्या आत बुरशीच्या धाग्यांचा थर दिसला. काही वर्षांत फ्रीमनने दाखवलं की ही बुरशी बियातून रोपात, रोपातून पुन्हा बियात जाते आणि बाहेर कधी येतच नाही. बीजाणू नाही, डाग नाही. १९३३ मध्ये वेल्समध्ये कॅथलीन सॅम्पसन यांनी रायग्रासमध्ये अशीच बुरशी नोंदवली, आणि १९४१ मध्ये न्यूझीलंडच्या नीलने रायग्रास आणि फेस्क्यूमधल्या बुरश्यांवर लिहिलं. तरी कुणी फार लक्ष दिलं नाही.

लक्ष गेलं ते जनावरं आजारी पडली म्हणून. अमेरिकेत ‘केंटकी ३१’ नावाचं टॉल फेस्क्यू गवत १९४३ मध्ये शेतकऱ्यांना दिलं गेलं आणि लाखो एकरांवर पसरलं. चिवट गवत, पण त्यावर चरणाऱ्या गाईंचे खूर आणि शेपटीचं टोक सडायचं, उन्हाळ्यात त्या धापा टाकायच्या, वजन धरेना. कारण सापडेना, कारण गवत निरोगी दिसायचं. १९७७ मध्ये जॉर्जियात चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी विषारी कुरणातल्या गवतात आत राहणारी बुरशी असल्याचं आणि ती एपिक्लोईच्या कुळातली असल्याचं प्रसिद्ध केलं. १९८१ मध्ये न्यूझीलंडमध्ये फ्लेचर आणि हार्वे यांनी मेंढ्यांच्या झिंगण्याचा संबंध रायग्रासमधल्या बुरशीशी जोडला. फोगलच्या कापापासून बेकनच्या निबंधापर्यंत एकोणऐंशी वर्षं. आमचा वर्धा जिल्हा गवळाऊ जातीच्या गाईंचा, आर्वीकडे त्यांची कुरणं. त्यामुळे ही गोष्ट नुसती परदेशातली म्हणून मला वाचता येत नाही.

आणि इथे पुन्हा माध्यम आलंच. ही बुरशी गवताच्या पेशींच्या आत शिरत नाही. ती पेशींच्या मधल्या फटींत राहते आणि तिथल्या पातळ रसातली साखर आणि अमिनो आम्लं खाते. म्हणजे तिचं घरचं जेवण थोडं-थोडं, सतत आणि पातळ. पीडीएवर ती वाढते, पण तुकड्यातून पांढरे धागे डोकावायलाच कित्येकदा दोन-तीन आठवडे लागतात आणि वसाहत आकार घेईपर्यंत महिना उलटतो. तेवढ्यात पानाच्या कोपऱ्यात चुकून राहिलेला ॲस्परजिलसचा एक बीजाणू पाच दिवसांत अख्खी प्लेट घेऊन टाकतो. आपण काय करतो? सातव्या दिवशी मोजणी करतो. ‘सर्वाधिक आढळलेली प्रजाती ॲस्परजिलस, त्याखालोखाल अल्टर्नेरिया, फ्युझॅरियम, क्लॅडोस्पोरियम.’ ही यादी गवताची जितकी आहे तितकीच वीस ग्रॅम डेक्स्ट्रोजची आणि सात दिवसांची आहे.

या बुरशीला नेमकं काय आवडतं हा प्रश्न सरळ विचारला गेला तो १९८६ मध्ये. आर. के. कुलकर्णी आणि बी. डी. नील्सन यांनी ‘मायकोलॉजिया’त टॉल फेस्क्यूच्या एंडोफाइटच्या पोषण-गरजांवर निबंध लिहिला : कुठली साखर, कुठला नायट्रोजन. १९९८ मध्ये फ्रान्सच्या नाफा, रावेल आणि गियोमँ यांनी वेगवेगळ्या गवतांतल्या बुरश्या घेऊन तोच प्रश्न पुढे नेला. सिनॉप्सिस लिहिण्याआधी हे दोन निबंध शोधा आणि पूर्ण वाचा, सारांशावर थांबू नका. त्यातली पद्धतच जास्त शिकवते : आधी मोजलेलं पायाभूत माध्यम, मग एका वेळी एकच बदल. आस्थाना-हॉकरच्या माध्यमाने आपल्याकडे जे शक्य केलं तेच.

आता एक सावधगिरी, कारण इथे विषय उचलताना गफलत होते. एपिक्लोई कुळातल्या बुरश्या मुख्यतः थंड हवेतल्या गवतांत राहतात. आपली हरळी, मारवेल, कुंदा, कुसळी, आणि ज्वारीसुद्धा, ही उष्ण प्रदेशातली गवतं. त्यांच्यात एपिक्लोई मिळेल अशी आशा धरून न्यूझीलंडचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उतरवण्यात अर्थ नाही. उष्ण गवतांत याच कुळातले चुलते राहतात, बालान्सिया नावाचे. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध भारतीय करामत भातावर दिसते, आणि भात म्हणजे गवतच की. बुरशी रोपात आतल्या आत वाढते, आणि लोंबी बाहेर येते ती दाणे चिकटून ताठ, पांढरट-राखाडी काडीसारखी, अगदी उदबत्तीसारखी. त्यावरूनच या रोगाला ‘उदबत्ता’ म्हणतात, आणि जगभरच्या इंग्रजी पुस्तकांतही तो याच नावाने आहे. तिच्या त्या अवस्थेला १९१४ मध्ये सायडोने ‘एफेलिस ओरायझी’ असं नाव दिलं. हीच किंवा जवळची बुरशी रानगवतांतही मिळते. तेव्हा आपल्या भागात शोध घ्यायचा तर या चुलत्यांचा घ्यावा, आणि ज्या बुरश्यांना कुळच लागत नाही, प्लेटवर बीजाणूच धरत नाहीत, त्यांना ‘निर्बीज’ म्हणून फेकून न देता कमी साखरेच्या माध्यमावर हलवून बघावं.

स्वस्त माध्यमांबद्दलही बोलायला हवं, कारण निम्मे विद्यार्थी तिकडेच जातात. शेतमालाच्या उरल्यासुरल्या भागांवर बुरशी वाढवण्याचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयरने मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं भिजवणीचं पाणी, कॉर्न स्टीप लिकर, घातलं आणि पेनिसिलिनचं उत्पादन कितीतरी वाढलं. पुण्याजवळच्या पिंपरीत (आमची पिपरी नव्हे, पत्रव्यवहारात हा घोळ होतो) हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली ती त्याच विद्येच्या जोरावर. सरकीचं पीठही प्रतिजैविकांच्या कारखान्यांत नायट्रोजनचा स्रोत म्हणून वापरतात, आणि सरकीची ढेप तर वर्ध्यात दर दुसऱ्या दुकानात. मग ‘ढेपेच्या अर्कावर एंडोफाइटची वाढ’ हा विषय सुचणं साहजिक आहे. करायला हरकत नाही. पण मॉयरला काय हवं होतं ते ठरलेलं होतं, पेनिसिलिन, आणि तो तेच मोजत होता. आपल्याकडच्या बहुतेक कामांत फक्त वाळवलेल्या धाग्यांचं वजन मोजतात. ढेपेवर वजन वाढणारच, प्रथिनं आहेत त्यात. त्या बुरशीने बीजाणू धरले का, गवतात असताना ती जे रसायन बनवते ते बनवलं का, पुन्हा रोपात सोडली तर वसली का, यातलं एक तरी मोजलंत तर ढेपेचं नाव घ्यायला जागा होते.

मग सुरुवात कशी करायची? माझं मत सांगते, गाईडचं वेगळं असू शकतं. एकाच पातीचे शेजारी-शेजारी तुकडे घ्या, अगदी छोटे, दोन-तीन मिलिमीटरचे. ते तीन माध्यमांवर ठेवा : नुसतं पाणी-अगार, पीडीए एक-चतुर्थांश ताकदीचं (पण अगार पूर्ण, नाहीतर घट्ट होणार नाही), आणि त्याच गवताच्या काढ्याचं अगार. तिन्हींत क्लोरॅम्फेनिकॉल, ते ऑटोक्लेव्ह सोसतं, स्ट्रेप्टोमायसिन वापरलंत तर माध्यम कोमट झाल्यावर घाला. शेवटच्या धुण्याचं पाणीही एका प्लेटवर पसरा. त्यावर काही उगवलं तर तुमचं निर्जंतुकीकरण कच्चं आहे आणि ती तुकडी बाद. भराभर वाढणारी बुरशी दिसली की तिचं टोक उचलून दुसरीकडे न्या आणि ती जागा कापून टाका, प्लेट मात्र सहा आठवडे ठेवा. कडेला पट्टी लावायला विसरू नका, एप्रिलमध्ये इथे अगार दहा दिवसांत पापड होतं.

बियांवर काम करणार असाल तर आणखी एक. गवताच्या बियात राहणारी बुरशी साध्या खोलीच्या तापमानात वर्ष-दीड वर्षात मरू लागते, बी मात्र उगवत राहतं. म्हणून कपाटात पडलेलं जुनं बी घेऊन ‘एंडोफाइट आढळला नाही’ असं लिहू नका. बी कुठल्या धुऱ्यावरून, कुठल्या तारखेला आणलं ते पाकिटावर पेन्सिलीने लिहा, शाई फ्रीजमध्ये पुसते, आणि पाकीट त्याच दिवशी चार अंशांना ठेवा.